शाळा बदलते तेव्हा : दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींचे अर्थकारण

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ कोटी व्यक्ती आपल्या पूर्वीच्या वास्तव्याचे ठिकाण सोडून अन्यत्र राहत होत्या. विवाहामुळे गाव सोडणाऱ्या स्त्रियांचा या संख्येत मोठा वाटा आहे, हे खरे. तथापि नोकरीतील बदल्या, रोजगाराचा शोध, दुष्काळ, ऊसतोडीसारखे हंगामी काम यांमुळे कुटुंबाबरोबर मुलांच्या शाळाही बदलतात. त्याच जनगणनेने दिव्यांग व्यक्तींची संख्या २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, नोंदवली. हे दोन आकडे आपण सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो : एक स्थलांतराच्या, दुसरा सामाजिक न्यायाच्या. ज्या मुलाच्या बाबतीत हे दोन्ही आकडे एकत्र येतात, ते मूल प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न थोडक्यात असा. मूल शाळा बदलते तेव्हा त्याचा कायदेशीर हक्क त्याच्याबरोबर जातो. परंतु ज्या लहानसहान सोयींच्या रूपाने तो हक्क वर्गात प्रत्यक्षात येतो, त्या सोयी मागे राहतात. कल्याणकारी योजनांच्या संदर्भात ‘पोर्टेबिलिटी’ हा शब्द गेल्या काही वर्षांत परिचयाचा झाला आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये चार राज्यांत सुरू झाली आणि जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशानंतर सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत पोहोचली. धान्याच्या बाबतीत हे तुलनेने सोपे होते, कारण एक किलो तांदूळ कोल्हापुरातही एक किलोच असतो आणि कोइमतूरमध्येही. शाळेतील सोय ही तशी वस्तू नव्हे.

कायद्याने काय दिले आहे

घटनेच्या ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या अधिनियमातील वयोगट, पंचवीस टक्के जागा, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण यांविषयी परीक्षार्थी भरपूर वाचतात. कलम ५ मात्र बहुधा नजरेतून सुटते. कोणत्याही कारणाने राज्यात वा राज्याबाहेर शाळा बदलावी लागल्यास दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क हे कलम बालकाला देते. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे आणि दाखला येण्यास विलंब झाला या कारणास्तव नव्या शाळेने प्रवेश लांबवता अथवा नाकारता कामा नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र या हक्काला एक मर्यादा आहे. विनाअनुदानित खासगी शाळा आणि केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय यांसारख्या विशेष प्रवर्गातील शाळा यांच्याकडे बदली मागण्याचा हक्क कलम ५ मधून मिळत नाही. पंचवीस टक्के जागांतील प्रवेशही प्रारंभीच्या वर्गात होतो. त्यामुळे त्या जागेवर शिकणाऱ्या मुलाचे कुटुंब दुसऱ्या शहरात गेले, तर ती जागा त्याच्याबरोबर जात नाही.

दिव्यांग बालकांचा समावेश ‘वंचित गटा’च्या व्याख्येत २०१२ च्या दुरुस्तीने झाला. त्याहून महत्त्वाचा टप्पा म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दिव्यांगांना साहाय्य हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत नवव्या क्रमांकावर आहे. शिक्षण हा विषय ४२ व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत आला. असे असताना संसदेने हा कायदा केला, तो संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्याची पूर्तता करण्यासाठी. भारताने हा करारनामा १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला होता आणि आंतरराष्ट्रीय करारांच्या पूर्ततेसाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ संसदेला देतो. राज्यव्यवस्थेच्या प्रश्नपत्रिकेसाठी हा दुवा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या अधिनियमाने ‘वाजवी सोय’ ही संकल्पना भारतीय कायद्यात आणली. एखाद्या विशिष्ट प्रसंगी, अवाजवी बोजा न पडता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा म्हणून केलेले आवश्यक व योग्य फेरफार म्हणजे वाजवी सोय. ती नाकारणे हा भेदभाव होय, असे व्याख्येतच म्हटले आहे. कलम १६ नुसार शाळांनी व्यक्तीच्या गरजेनुसार अशी सोय पुरवायची आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट असे अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीतील बदल सांगितले आहेत. कलम ३१ ने लक्षणीय दिव्यांगता असलेल्या बालकास सहा ते अठरा वर्षांपर्यंत आपल्या पसंतीच्या परिसरातील शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आणि कलम ५८ नुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र संपूर्ण देशात वैध असते.

म्हणजे कागदावर पोर्टेबिलिटी पूर्ण आहे. मग अडते कोठे?

टक्केवारी आणि बाक

उदाहरणासाठी एक काल्पनिक मूल घेऊ. नांदेड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकणारी, अल्पदृष्टी असलेली एक मुलगी. वडिलांना सुरतेच्या कापड उद्योगात काम मिळते आणि दिवाळीनंतर कुटुंब तिकडे जाते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. प्रवेशही मिळतो. नव्या वर्गशिक्षिकेच्या हाती पडते ते प्रमाणपत्र : अल्पदृष्टी, ४० टक्के.

जुन्या शाळेत काय चालले होते? मुलगी पहिल्या बाकावर बसे, पण उजव्या टोकाला नव्हे, कारण तिकडच्या खिडकीतून फळ्यावर पडणाऱ्या उजेडाने तिला अक्षरे दिसेनाशी होत. फळ्यावर लिहिताना बाई प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत. तिच्या वहीच्या ओळी घरी स्केचपेनने गडद केलेल्या असत. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका बाई हाताने मोठ्या अक्षरांत लिहून देत. गणितातील उभी मांडणी चुकत असल्याने पायऱ्या तोंडी विचारत. भिंगाचा प्रयोग करून पाहिला होता, तो मुलीला नको झाला आणि सोडून दिला. या गोष्टी कोणत्याही शासननिर्णयात नाहीत. त्या शिकायला दोन शिक्षिकांना दोन वर्षे लागली आणि त्यांपैकी एकही गोष्ट ‘४० टक्के’ या आकड्यातून काढता येत नाही. तेवढ्याच टक्केवारीच्या दुसऱ्या मुलाला कदाचित अधिक उजेड लागेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दोन नावे आठवावीत. पहिले अमर्त्य सेन यांचे. समान साधने हाती दिल्याने समान क्षमता निर्माण होत नाहीत; साधनांचे क्षमतेत रूपांतर करण्याचे सामर्थ्य व्यक्तीगणिक बदलते आणि दिव्यांग व्यक्तीला त्या रूपांतरासाठी अधिक साधने लागतात, हा त्यांचा युक्तिवाद परीक्षार्थींच्या परिचयाचा आहे. दुसरे नाव फ्रेडरिक हायेक यांचे. स्थळकाळाच्या विशिष्ट परिस्थितीचे ज्ञान विखुरलेले असते आणि ते एका मध्यवर्ती आकड्यात सामावून वर पाठवता येत नाही, हे त्यांनी १९४५ मध्ये मांडले ते केंद्रीय नियोजनाच्या विरोधात. समावेशित शिक्षणाच्या चर्चेत हायेक यांचे नाव सहसा निघत नाही. परंतु सेन रूपांतराची गरज सांगतात, तर ते रूपांतर कसे घडते याचे ज्ञान वर्गाच्या चार भिंतींत का अडकून पडते, हे हायेक यांच्या मांडणीतून अधिक नीट उमजते.

त्या दृष्टीने पाहिल्यास शाळेतील सोयी तीन जातींच्या ठरतात. काही मुलाच्या मालकीच्या असतात : श्रवणयंत्र, चष्मा, चाकाची खुर्ची, प्रमाणपत्र. या त्याच्याबरोबर जातात. काही इमारतीच्या असतात : उतरता मार्ग, कठडा, योग्य स्वच्छतागृह, साधनकक्ष. या स्थिर भांडवलासारख्या जागेवर राहतात आणि नव्या शाळेत त्या असतील वा नसतील. उरलेल्या सर्व शिक्षकांच्या सवयीत आणि स्मरणात असतात. शासकीय आढावा पहिल्या दोहोंचा होतो, कारण त्या मोजता येतात. तिसऱ्या प्रकाराला खर्च जवळपास नाही, आणि शाळा बदलताना सर्वप्रथम नाहीसा होतो तो हाच प्रकार.

त्याची किंमत किती? शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० कार्यदिन ठरलेले आहेत. नव्या शाळेला वरील गोष्टी पुन्हा शोधून काढण्यास तीन महिने, म्हणजे साधारण ६० कार्यदिन लागले असे गृहीत धरले, तर वर्षाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग त्या मुलीने फळा न दिसता काढला असा त्याचा अर्थ होतो. हे केवळ उदाहरणादाखल केलेले गणित आहे. पण ज्या मुलाची शाळा दर वर्षी बदलते, त्याच्या बाबतीत ही तूट दर वर्षी नव्याने सुरू होते, आणि पुढे तिची नोंद ‘अभ्यासात मागे’ अशी होते.

दाखल्यावरील एक रिकामा रकाना

महाराष्ट्रातील शाळा सोडल्याचा दाखला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील रकाने आठवतील. नाव, आईचे नाव, मातृभाषा, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा. ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ आणि ‘शेरा’ या रकान्यात बहुधा एक आडवी रेघ. जात आणि जन्मतारीख पिढ्यान्‌पिढ्या पुराव्यादाखल उपयोगी पडावी इतका हा कागद काटेकोर असतो. मुलाला कसे शिकवावे याविषयी मात्र तो काही बोलत नाही. अर्थात त्याची रचनाच त्यासाठी झालेली नाही.

समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असणाऱ्या बालकांसाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करण्याची अपेक्षा आहे आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक तो करतातही. तथापि हा आराखडा त्या गटाच्या कामकाजाचा कागद मानला जातो. मूल जिल्हा ओलांडते तेव्हा तो त्याच्यामागे पाठवणे कोणाचे काम, हे ठरलेले नसते. विशेष शाळेतून सर्वसामान्य शाळेत जाणाऱ्या मुलाची वाट याहून लांब असते, कारण तेथे खातेच बदलते. महाराष्ट्रात विशेष शाळा वर्षानुवर्षे सामाजिक न्याय विभागाच्या कक्षेत होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. सर्वसामान्य शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, प्रमाणपत्र आरोग्य यंत्रणेकडे. एकाच मुलाची माहिती अशा प्रकारे तीन ठिकाणी राहते.

विशेष शिक्षकांची उपलब्धता हा यातील कच्चा दुवा होय. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा आणि त्यावरील स्तरावर दर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. ते गाठेपर्यंत अनेक शाळांत हे शिक्षक फिरतीवर येणार. नव्या शाळेत मूल दाखल झाल्यावर त्यांची पहिली भेट होईपर्यंतचे दिवस जुन्या शाळेच्या टिपणावरच निभावावे लागतात.

असे टिपण कसे असावे? ते एका पानाचे पुरे. कोणत्या विषयात कोणती सोय दिली जात होती, काय करून पाहिले आणि का सोडले, मूल स्वतः काय मागते, परीक्षेत किती जादा वेळ लागला, कोणती साधने मुलाची व कोणती शाळेची. ‘का सोडले’ हा भाग माझ्या मते सर्वांत मोलाचा, कारण नवी शाळा उत्साहाने नेमक्या त्याच उपायापासून सुरुवात करते. हे टिपण वर्गशिक्षकाने लिहावे, पालकाने वाचून घ्यावे, मूल मोठे असेल तर त्यालाही दाखवावे, आणि दाखला घेतानाच त्याची प्रत हाती घ्यावी. शाळा सोडून चार महिने झाल्यावर कोणाला काही आठवत नाही. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांच्याशी बैठक व्हावी आणि पूर्वीच्या सोयी तूर्त जशाच्या तशा चालू ठेवाव्यात. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांचा फेरविचार करावा. सोय चालू ठेवून मग तपासणी करणे आणि तपासणी होईपर्यंत सोय थांबवणे, या दोन क्रमांत मुलाचे पाऊण वर्ष वाचते किंवा जाते.

हा क्रम अमेरिकेच्या कायद्याने बंधनकारक केला आहे. तेथील दिव्यांग बालकांच्या शिक्षणविषयक कायद्यात २००४ च्या सुधारणेनंतर अशी तरतूद आहे की, वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम असलेले मूल वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शाळाजिल्ह्यात आले, तर नव्या जिल्ह्याने जुना कार्यक्रम स्वीकारेपर्यंत किंवा नवा तयार करेपर्यंत त्याला ‘तुलनीय सेवा’ दिल्या पाहिजेत. मूल दुसऱ्या राज्यातून आले तरी हे बंधन सुटत नाही. कागदपत्रे त्वरित मागवण्याची जबाबदारी नव्या शाळेची आणि त्वरित पाठवण्याची जुन्या शाळेची. तेथील शाळांकडे असलेला निधी व मनुष्यबळ आपल्याकडे नाही, ही तुलनेची मर्यादा उघड आहे. पण ‘आधी चालू ठेवा’ या नियमाला निधी फारसा लागत नाही. आपल्या कलम ५ मध्ये प्रवेशासंबंधी हेच तत्त्व आहे : दाखला नंतर येऊ द्या, मुलाला आधी आत घ्या. ते प्रवेशापुरते थांबते, सोयींपर्यंत पोहोचत नाही.

मंडळ बदलते तेव्हा

माध्यमिक स्तरावर प्रश्नाचे स्वरूप पालटते. येथे शिक्षकांच्या सवयीइतकेच परीक्षा मंडळाचे नियमही महत्त्वाचे ठरतात. विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन वा गणन यांत सातत्याने अडचण येणाऱ्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर होता. १९९६ पासून राज्यात त्या औपचारिकपणे मिळू लागल्या. १९९५ च्या केंद्रीय अधिनियमातील सात प्रकारांत ही अक्षमता नव्हती. २०१६ च्या अधिनियमाने २१ प्रकार मान्य केले, तेव्हा तिचा समावेश झाला. म्हणजे वीस वर्षे अशी स्थिती होती की मुंबईत मान्य असलेली अक्षमता राज्याची सीमा ओलांडताच केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसे.

आता अक्षमता सर्वत्र मान्य आहे, सवलती मात्र मंडळागणिक वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात दहावीला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व त्यासोबत कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा दीर्घकाळ होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने माध्यमिक स्तरावर दोनऐवजी एकच सक्तीची भाषा घेण्याचा पर्याय दिला आणि विषय बदलण्याचे नियम आपल्या पद्धतीने ठरवले. वडिलांची बदली झाल्याने नववीच्या मध्यावर एका मंडळातून दुसऱ्या मंडळात जाणाऱ्या मुलाला पूर्वी घेतलेली सूट तशीच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. ज्या विषयातून त्याने सूट घेतली, तो विषय नव्या मंडळात सक्तीचा निघाला, तर एक-दोन वर्षांचा अभ्यास मुळातूनच राहिलेला असतो. म्हणून बदलीचे आदेश येताच नव्या मंडळाची सवलतींची नियमावली पाहणे आणि विषय निवडण्यापूर्वी शाळेमार्फत अर्ज करणे श्रेयस्कर. परीक्षेसाठीच्या सवलती मंडळाकडून शाळेमार्फतच मंजूर होतात. पालकाने थेट केलेली विनंती सहसा पुरेशी ठरत नाही.

प्रमाणपत्राचे वयही पाहावे लागते. अध्ययन अक्षमतेसंबंधीच्या २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्र, चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी, अशी व्यवस्था घालून दिली. चौदावे वर्ष म्हणजे आठवी-नववी. फेरतपासणी आणि शाळाबदल एकाच वर्षी आले की, जुन्या शहरातील रुग्णालयाची मुदत संपलेली आणि नव्या शहरातील तपासणीची तारीख लांबची, अशा कात्रीत मूल सापडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट कायद्यात नाही. ती अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारल्या गेलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, हा भेद निःसंदिग्धपणे मांडला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या व लिहिण्यात अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीनुसार २०१८ मध्ये दिव्यांग व्यक्तींपैकी केवळ २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होते. ‘आधी प्रमाणपत्र आणा’ असे म्हणणारी नवी शाळा या दहापैकी सात जणांना दारातच थांबवते आणि त्यासाठी तिला कायद्याचा आधार नाही.

ब्रेलचे उदाहरण

पोर्टेबिलिटी अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याकडे सात दशकांपासून आहे. स्वातंत्र्यापूर्वी देशात ब्रेलच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली. तिच्यात समान ध्वनीसाठी सर्व भाषांत समान ठिपके आहेत. मराठीत ‘क’ शिकलेल्या बोटांना गुजराती, बंगाली किंवा तमिळ ‘क’ नव्याने शिकावा लागत नाही. डोळस मुलाला लिपी बदलावी लागते; अंध मुलाला तेवढे तरी बदलावे लागत नाही. नव्या भाषेतील ब्रेल पुस्तक वेळेवर मिळणे हा भाग वेगळा आणि तेथे अडचणी आहेतच. पण एकदा केलेले प्रमाणीकरण किती पिढ्यांचा प्रवासखर्च वाचवते, हे यातून दिसते. भारतीय सांकेतिक भाषेच्या बाबतीत हे काम फार उशिरा सुरू झाले : संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ मध्ये झाली आणि शालेय पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी एनसीईआरटीशी करार ऑक्टोबर २०२० मध्ये झाला.

सोयींच्या नोंदीचेही असे प्रमाणीकरण शक्य आहे. २०२२-२३ पासून यू-डायस प्लस प्रणालीत शाळानिहाय बेरजेऐवजी विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते. मूल शाळा बदलते तेव्हा त्याची नोंद नव्या शाळेकडे वर्ग होते. त्या नोंदीबरोबर सोयींचे एक पान जोडणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. कठीण आहे तो विश्वासाचा भाग.

पालक का लपवतात

खासगी शाळेत प्रवेश घेताना अनेक पालक मुलाची अडचण सांगत नाहीत. शाळा निकालाच्या टक्केवारीवर ओळखली जाते; तिच्या दृष्टीने असे मूल म्हणजे अधिक श्रम आणि अनिश्चित निकाल. प्रवेश नाकारणे बेकायदेशीर असले, तरी ‘जागा भरल्या’ हे उत्तर नेहमीच उपलब्ध असते. पालकांना हे ठाऊक असते, म्हणून ते प्रवेश पक्का होईपर्यंत गप्प राहतात आणि त्यामुळे पहिले सत्र सोयींविना जाते. माहितीच्या असमतोलाची चर्चा आपण विम्याच्या संदर्भात करतो. येथे माहिती दडवणारा पक्ष नफ्यासाठी नव्हे, तर नकाराच्या भीतीने ती दडवत असतो. अशा वेळी सोयींचे पान प्रवेशापूर्वीच सर्वांना दिसू लागले, तर ते मदतीऐवजी चाळणीचे साधन होईल. म्हणून ते पान पालकांच्या संमतीने आणि प्रवेश निश्चित झाल्यानंतरच उघडले जावे, ही अट व्यवस्थेतच घातली पाहिजे. शासकीय शाळांत ही भीती कमी असते, हे त्यांचे एक न मोजलेले बलस्थान आहे.

निधी आणि हंगाम

समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असणाऱ्या प्रत्येक बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. शिवाय मुलींसाठी दरमहा २०० रुपये, दहा महिन्यांकरिता. वाहतूक भत्ता, साधने, मोठ्या अक्षरांतील पुस्तके यांचा खर्च यातून होतो. ही रक्कम वार्षिक कार्ययोजनेत आधीच्या पटसंख्येवरून ठरते. शालेय माहितीसाठी ३० सप्टेंबर हा संदर्भ दिनांक आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. महाराष्ट्रातील ऊसतोडणीचा हंगाम त्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून निघालेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे मूल मोजले जाते एका तालुक्यात आणि निम्मे वर्ष राहते दुसऱ्या तालुक्यात, जेथील योजनेत त्याच्या नावे एक रुपयाही धरलेला नसतो.

या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. गाव सोडण्यापूर्वी मुख्याध्यापक हे कार्ड देतात, त्यावर मुलाची इयत्ता व अध्ययनाची स्थिती असते आणि कारखान्याच्या परिसरातील शाळा त्यावरून मुलाला वर्गात बसवते. परतल्यावर तेच कार्ड मूळ शाळेत उपयोगी पडते. सोयींच्या पानाला याहून जवळचे प्रतिरूप दुसरे नाही, आणि ते आपण स्वतः तयार केलेले आहे. त्यावर दोन-चार ओळींची जागा वाढवली, तर श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला कोणत्या बाजूने ऐकू येते एवढे तरी नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी कळेल. निधीसाठी मात्र कार्ड पुरणार नाही. ज्या तालुक्यांत साखर कारखाने आहेत, तेथील गट साधन केंद्रांच्या वार्षिक योजनेत हंगामी येणाऱ्या दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र रक्कम धरावी लागेल. ती मागील हंगामात कार्डावर आलेल्या मुलांच्या संख्येवरून काढता येते. ती संख्या त्या शाळांच्या हजेरीपटात असतेच.